दुसरी जीभ

वरून कागद आला की तो आधी वाचायचा कोणी, यातच शाळेचे दोन दिवस जातात. हा कागद मात्र हेडसरांनी स्वतः वाचला आणि स्टाफरूमच्या टेबलावर आणून ठेवला. विज्ञानाच्या एका धड्याला आसपासच्या लोकांच्या पारंपरिक ज्ञानाची जोड द्यायची, ते मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यायचं, आणि पंधरवड्याने तपासणीचे साहेब येऊन बघणार. त्यांना पसंत पडलं तर पुढच्या वर्षी तो पाठ सगळ्या शाळांत जाणार होता.

"एक तक्ता करून टाकू," हेडसर म्हणाले. "औषधी वनस्पती. दहा पानं चिकटवायची, खाली नावं लिहायची. साहेब खूश, आपण मोकळे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्त्याने सुटला नाही असा प्रश्न या शाळेत आजवर आलेला नव्हता. विज्ञानाच्या बाईंनी तेवढी डोलावली नाही. हातातली वही मिटून त्या म्हणाल्या, "सर, मी माझ्या आईला घेऊन येते."

बाई डोंगरावरच्या वस्तीतल्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोलून दाखवत नव्हतं. एकवीस वर्षं त्या इथे शिकवत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांची आई एकदाही शाळेच्या फाटकातून आत आली नव्हती, कारण बाईंनी तिला एकदाही बोलावलं नव्हतं. सांगायला कारणं पुष्कळ होती. रस्ता लांब, तिचे गुडघे, तिला खाली करमत नाही. खरं कारण बाईंना ठाऊक होतं. आई मोठमोठ्याने बोलायची, कुठेही फतकल मारून बसायची, आणि चारचौघांत बाईंना तिची लाज वाटायची. आता बाई स्वतःच पन्नाशीला टेकल्या होत्या आणि त्या लाजेचीच त्यांना लाज वाटायला लागली होती.

धडा होता पाण्यात काय विरघळतं त्याचा. पुस्तकात साखर आणि मीठ, याच्यापलीकडे काही नाही. दरवर्षी बाई पेल्यात मीठ टाकून ढवळायच्या आणि "कुठे गेलं मीठ?" असं विचारायच्या. मुलं जांभया आवरत "विरघळलं" म्हणायची. या वर्षी ढवळता ढवळता त्यांना कडूकंद आठवला होता.

वस्तीमागच्या रानात हा कंद मिळतो. नुसता उकडून खाल्ला तर तोंड सुजतं, उलट्या होतात, आणि पोटभर खाल्ला तर काय होतं ते न बोललेलं बरं. पण वस्तीतल्या बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, त्यांना राख चोळतात आणि टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवतात. विष पाण्याबरोबर निघून जातं आणि मागे राहतं ते अख्ख्या कुटुंबाचं अन्न. चकती पातळ का, पाणी वाहतंच का हवं, राख कशासाठी, सगळा धडा त्या टोपलीत होता. बाई लहानपणी तेच खाऊन वाढल्या होत्या, आणि एकवीस वर्षं पोरांना मीठ ढवळून दाखवत बसल्या होत्या.

रविवारी त्या वर वस्तीत गेल्या. आई अंगणात बसून टोपलीचा तुटलेला कान बांधत होती.

"शाळेत? मी?" आई म्हणाली. "कसला अंगठा द्यायचाय का?"

"शिकवायचंय."

"कोणाला?"

"मुलांना. कडूकंद."

आई मोठ्याने हसली. "ताप-बिप आलाय का गं तुला?" पण मग तिने टोपली बाजूला ठेवली, हात पुसले, आणि कोरडे झालेले हात पुन्हा एकदा पुसले. "तू बोलावतेयस?" तिने विचारलं.

"मीच."

बाईंनी वही काढली. "पाण्यात किती दिवस ठेवायचं?"

"पाच. सहा. कधी आठ. ते पाण्यावर आहे."

"आई, मला एक आकडा हवाय."

"मग तू लिही आकडा. कंद काय तुझी वही वाचणार आहे?"

"बरं. तयार झालं हे कसं ओळखायचं?"

"जिभेवर. कच्चाच चाखायचा, चावरेपणा गेला की झालं. अर्धवट धुतलेला शिजवला की चावत नाही, पण बाधतो."

"कोणाच्या जिभेवर?"

"माझ्याच. आता दुसरं आहे कोण?"

बाईंनी लिहिलं, "चाचणी : अनुभवी व्यक्तीने चव घेऊन पाहणे." शेवटचं वाक्य त्यांनी कानाआड केलं. म्हातारी माणसं उठता-बसता असं बोलतच असतात, त्याची कोण नोंद घेतो!

पुढच्या रविवारी सकाळी एक टोपली कंद घेऊन आई खाली आली. गेल्या थंडीत तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. बाई तेव्हा दोन दिवस जाऊन राहिल्या होत्या, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दीड-दोन महिन्यांत चेहरा सरळ झाला. आता तर काही झालं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

हेडसरांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "बाई, विष आहे हो ते. उद्या एखाद्या पोराला काही झालं तर आपण दोघंही घरी बसू."

"माझ्या आईच्या हातून आजवर कोणाला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. हेडसरांनी ते कागदावर लिहून मागितलं. बाईंनी लिहून दिलं आणि खाली सही ठोकली.

सोमवारी आई वर्गात आली. तिला खुर्ची दिली तर तिने ती टोपली ठेवायला वापरली आणि स्वतः फळ्याखाली मांडी घातली. बाई खुर्ची पुन्हा पुढे सरकवायला निघाल्या. पण पाच मिनिटांत सगळा वर्ग बाकं सोडून जमिनीवर आला होता.

"एवढी जाड?" पहिली चकती बघून आई म्हणाली. "भिंत बांधायचीय का?" मुलं खिदळली. तिने एक चकती उजेडाकडे धरली आणि मागे बोट नेलं. "बोटाची सावली दिसली पाहिजे. नाही दिसली तर आतलं विष आतच बसतं." मुलांनी पट्टीने मोजलं. सावली दिसणारी प्रत्येक चकती दीड ते दोन मिलिमीटरच्या मध्ये होती. बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले आणि सगळ्या मुलांचे लिहून होईपर्यंत खडू खाली ठेवला नाही. मीठ ढवळून असं कधी झालं नव्हतं.

दुपारी शाळेमागच्या ओढ्यात टोपली बांधली. आईने पाण्यात हात घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे पाणी आळशी आहे. वर आमच्याकडे पाच दिवस लागतात, इथे सात-आठ लागतील." साहेब शनिवारी यायचे होते. बाई म्हणाल्या, "बघू. नाही झालं तर तसं सांगू." ओढ्याला इथे उतार का नाही यावर वर्गात दोन तास वाद झाला.

त्या आठवड्यात आई बाईंकडेच राहिली. तिच्या तक्रारींना अंत नव्हता. चहा फिका, आमटी फिकी, मीठ तर या गावाला ठाऊकच नाही. ती ताटात वरून मीठ घ्यायची आणि बाई मनातल्या मनात चरफडायच्या. एवढ्या वर्षांनी लेकीच्या घरी आली आहे, तर लेकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय हिला घास जाणार नाही, असं त्यांना वाटायचं. एका दुपारी आईने कमरेचा बटवा सोडून जमिनीवर रिकामा केला. सुपारी, सुई, दोरा, आणि चार खडे निघाले, दोन पांढरे, दोन काळे. बाईंनी ते ओळखले. लहानपणी त्या खड्यांशी खेळायला मागायच्या आणि मार खायच्या.

"अजून सांभाळतेस होय हे?"

"असू देत," म्हणत आईने खडे परत बटव्यात टाकले. मग वस्तीतल्या गप्पा निघाल्या. शेजारणीचा नातू महिन्यात दोनदा आजारी पडला, नुसत्या उलट्या. आणखी दोन घरांतही तेच. आरोग्यवाल्या ताई येऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेल्या होत्या.

"मग उकळता ना?" बाईंनी विचारलं.

"उकळतो की," आई म्हणाली. "तरी पडतातच आजारी."

शनिवारी साहेब वेळेवर आले. वयाने तसे तरुण, बोलायला मऊ, हातात छापील तक्ता, त्यात खुणा करायच्या चौकटी. ते मागच्या बाकावर बसले आणि हेडसर त्यांच्या शेजारी अर्धे बसले, अर्धे उभे राहिले. टेबलावर ओढ्यातून काढलेली टोपली होती. बाजूच्या शेगडीवर भांड्यात पाणी उकळत होतं. चकत्या वाफवून वर्गाने चाखायच्या आणि मग साहेबांनी, असं ठरलं होतं.

मुलांनी आपापले आकडे सांगितले. पाण्याचा वेग, चकतीची जाडी, राखेचं प्रमाण. साहेब भराभर लिहीत होते. मग आई उठली. तिने मधली एक चकती घेतली, जिभेच्या टोकाला लावली, डोळे मिटून थांबली आणि ती थुंकून चूळ भरली. दुसरी चकती घेतली आणि पुन्हा तेच केलं.

"झालंय," ती म्हणाली. "चढवा."

सहावाच दिवस होता. सात-आठ लागतील म्हणाली होती ती, हे बाईंच्या मनात येऊन गेलं. पण आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वस्तीत तिच्या शब्दावर वीस घरं जेवत होती. बाईंनी टोपली उचलली.

"बाई," मागून आवाज आला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली एक मुलगी उभी होती. या मुलीच्या शंकांनी गणिताच्या सरांच्याही नाकी नऊ आले होते. "आजींची जीभ बरोबर आहे हे कोण तपासतं?"

वर्गात खसखस पिकली. हेडसर लाल झाले. "बस खाली! मोठ्यांना असं विचारतात?"

आई मात्र हसली नाही. तिने त्या मुलीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग बटवा सोडला. "विचारतात," ती म्हणाली. "विचारायलाच पाहिजे. मी विसरले नव्हते, मी टाळत होते."

तिने चारही खडे टेबलावर ठेवले. "आमच्यात एकटीने बघत नाहीत. दोन बायका लागतात, एक म्हातारी, एक तरणी. पाठीला पाठ लावून उभं राहायचं. दोघींनी चाखायचं आणि बोलायचं नाही. प्रत्येकीपुढे एक पांढरा, एक काळा. झालं असेल तर पांढरा खडा मुठीत घ्यायचा, नसेल तर काळा. मग मुठी एकदम उघडायच्या. दोन्ही पांढरे निघाले तरच चुलीवर चढवायचं."

"आणि एक पांढरा, एक काळा निघाला तर?" मुलीने विचारलं.

"तर परत पाण्यात. कोणाचं चुकलं ते विचारायचं नाही, भांडायचं नाही. पाण्यात."

साहेबांचं पेन थांबलं होतं. "पाठमोरं का उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"एकमेकींचं तोंड दिसलं की जीभ खोटं बोलते, साहेब. सून सासूला कशी नाही म्हणेल?"

"मग आता तुमची दुसरी बाई कोण?"

"माझी सासू होती, तेव्हा दुसरी मी. ती गेल्यावर हिला शिकवायचं होतं." आईने बाईंकडे बघितलं नाही. "दहाव्या वर्षी शिकवतात. त्याच वर्षी हिला वसतिगृहात घेतलं. चांगलंच झालं ते, शिकली. माझ्या पाठीला नंतर एक जाऊ होती, तीही तीन वर्षांमागे गेली. तेव्हापासून एकटीच बघते."

बाईंना आपली वही आठवली. "अनुभवी व्यक्तीने चव घेऊन पाहणे." आता दुसरं आहे कोण, असं आई त्यांच्या तोंडावर म्हणाली होती, आणि त्यांनी ते लिहून घ्यायच्या लायकीचं मानलं नव्हतं. प्रयोग एकट्याने करून चालत नाही, दुसऱ्याने तो स्वतंत्रपणे करून पाहावा लागतो, हे त्या आठवीला दरवर्षी शिकवायच्या. घरात तो नियम खड्यांच्या रूपात पडून होता आणि त्याच्याशी त्यांना खेळायचं होतं.

"मी उभी राहते," त्या म्हणाल्या.

दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आईची पाठ केवढीशी झाली होती. एका मुलाने दोघींच्या हातावर एकेक चकती ठेवली. बाईंनी ती जिभेच्या टोकाला लावली. आधी काहीच नाही, मग बारीक चुणचुण, आणि दहा मोजेपर्यंत ती टाचण्या टोचाव्यात तशी जिभेभर पसरली. त्यांनी थुंकून चूळ भरली तरी ती जाईना.

आपल्या वाटचे दोन खडे समोर होते. आईने पांढरा उचललेला असणार, यात शंकाच नव्हती. बाईंनी पांढरा उचलला की झालं. साहेब खूण करतील, आईची मान ताठ राहील, शाळेत पहिल्यांदा आलेली आई ताठ मानेने परत जाईल. भांड्याला धक्का लावून ते सांडायचं आणि पोरांना काही चाखू द्यायचं नाही, एवढंच मग करावं लागलं असतं. कोणाला कळलंही नसतं. एकवीस वर्षांनी तिला बोलावलं ते काय सगळ्यांसमोर खोटी पाडायला? बाईंचा हात पांढऱ्या खड्यावर जाऊन टेकला. मागे आईची पाठ त्यांच्या पाठीला लागलेली होती, आणि ती पाठ त्यांच्यावर भरवसा टाकून उभी होती.

त्यांनी काळा उचलला.

"उघडा," साहेबच म्हणाले.

आईच्या तळहातावर पांढरा खडा होता आणि बाईंच्या तळहातावर काळा. आई वळली. तिने बाईंच्या हातातला खडा पाहिला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि टोपलीतून चकती घेऊन थेट जिभेवर ठेवली. मग आणखी एक. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"आई, बस. थुंक ते."

आई थुंकली. "मला काहीच लागत नाहीये," ती म्हणाली. एरवी चार घरांपलीकडे जाणारा तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. "काहीच नाही गं."

बाईंनी तिला धरून खुर्चीवर बसवलं. ती बसली, आणि लगेच उठली. "शेजारणीचा नातू," ती म्हणाली.

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तोंड वाकडं झालं ती गेली थंडी, आणि चेहरा सरळ झाला तरी जीभ तेव्हाच गेली होती. तेव्हापासून वस्तीतली प्रत्येक टोपली या जिभेने पास केली होती. उकळलेल्या पाण्याने उलट्या थांबणार तरी कशा!

"निघायच्या दिवशी पहाटे मी एक टोपली काढली," आई म्हणाली. "चार घरांत वाटून आले. वाळवून ठेवलं असेल. आज-उद्या शिजवतील."

हेडसर पुढे आले. बाईंना वाटलं, आता तो सहीचा कागद निघणार. त्यांनी खिशात हात घातला खरा, पण काढली ती स्कूटरची किल्ली. "फाट्यापर्यंत मी सोडतो. एकेकीला. आधी आजींना," ते म्हणाले. "टोपलीचं आम्ही बघतो."

साहेबांनी तक्त्यावर काय लिहिलं ते बाईंनी बघितलं नाही. जाताना त्यांना एवढंच दिसलं की ती चष्म्यातली मुलगी भांड्याखालची शेगडी बंद करत होती आणि दोघं जण टोपली ओढ्याकडे नेत होते.

फाट्यापासून वर पाऊण तासाची चढण. आई गुडघ्यांची पर्वा न करता चालत होती. अर्ध्या वाटेवर तिला दम लागला तेव्हा दोघी दगडावर टेकल्या.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"थोडं. चहा फिका लागायचा. वाटलं, वय झालं. कंद चावत नाही म्हणजे चांगला धुतला गेलाय, असं वाटायचं." तिने गुडघा चोळला. "दुसरी जीभ असती तर पहिल्याच टोपलीला कळलं असतं. मग तू बोलवायला आलीस. मनात शंका होती, नाही असं नाही. पण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे, नको येऊस."

बाईंना रडू कोसळलं. वाटेवर, दिवसाढवळ्या, पन्नाशीची बाई हुंदके देऊन रडली, आणि आईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "ऊठ. संध्याकाळच्या चुली पेटायच्या आत पोचायला हवं."

त्या पोचल्या. आई एकेका दारात गेली. बाई म्हणत होत्या, मी सांगते, तू बाहेर थांब. आईने ऐकलं नाही. प्रत्येक दारात ती एकच बोलली, "माझी जीभ गेलीय. मी दिलेला कंद परत दे." दोन घरांतून डबे निमूट बाहेर आले. तिसऱ्या घरात चूल पेटली होती पण भांडं अजून चढलं नव्हतं.

चौथं घर शेजारणीचं. ती बाईंच्याच वयाची, एकेकाळची खेळगडी. नातू तिच्या मांडीवर झोपला होता, हात काड्यांसारखे झालेले. आईने तिलाही तेच सांगितलं. शेजारीण ऐकत राहिली. तिने आधी नातवाकडे पाहिलं, मग आईकडे.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी पाण्याला शिव्या घालतेय."

आई उभीच होती. "मला घाल," ती म्हणाली.

शेजारणीने शिवी दिली नाही. उठून आतून डबा आणला, आईच्या पायाशी आपटला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आणि आईने सगळं गोळा झालेलं वरच्या ओढ्यात पुन्हा धुवायला ठेवलं. एवढ्या लोकांचं अन्न फेकून देणं वस्तीला परवडणारं नव्हतं. हेडसरांना निरोप पाठवून बाईंनी रजा घेतली. ओढ्याकाठी बसून त्यांनी वहीतली ती ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. "चाचणी : दोघींनी, पाठमोऱ्या, न बोलता. मत न जुळल्यास पुन्हा पाण्यात." शाळेतल्या टोपलीलाही पुढे दुसरी जीभ लागणारच होती, पण आधी वस्तीचं काय करायचं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं. त्या एकट्या होत्या. पाठीला कोण उभं राहणार? ज्यांची पोरं आजारी पडली त्या बायका कशाला येतील?

बुधवारी सकाळी टोपली बाहेर काढली तेव्हा ओढ्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या, पण लांब, हातावर हात ठेवून. आईने खडे दगडावर मांडले आणि ती बाजूला झाली. बाई एकट्याच उभ्या राहिल्या. बराच वेळ कोणी हललं नाही. मग शेजारीण पाण्यातून चालत आली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. तिची पाठ रागाने ताठ होती. तरी ती आली होती.

दोघींनी चकत्या जिभेला लावल्या. बाईंनी पन्नासपर्यंत मोजलं. चुणचुण नाही, काही नाही. शाळेतली चकती त्यांना चांगली आठवत होती, त्यामुळे मनात किंतु राहिला नाही. त्यांनी पांढरा खडा उचलला.

"उघडा," आई म्हणाली.

शेजारणीच्या हातात काळा होता.

माझी जीभ तर ठणठणीत आहे, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी मान वळवून आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती दोन्ही तळहातांवरच्या खड्यांकडे बघत होती.

"परत पाण्यात," आई म्हणाली.

बाईंनी तोंड मिटलं. टोपलीचा एक कान त्यांनी धरला, दुसरा शेजारणीने, आणि दोघींनी मिळून ती पुन्हा ओढ्यात सोडली.